टंडेल आन् माझा उजवा हात

टंडेल पह्यले थापड मारे, मंग नाव विचारे. माझं नाव त त्यानं शेवटपर्यंत विचारलं नाई, खाली थापडाच मारल्या. पह्यली बसली ते प्राणहितेच्या घाटावर. मी कामाच्या तलाशीत गेलतो. तिथी सागाचा एक लठ्ठा हवेत लटकून राह्यला होता. ना कोणाच्या खांद्यावर, ना कोणाच्या डोक्यावर, आन् झाड वर! मी त्याच्याच खाली तोंड वासून उभा. कानाखाली असा जाळ निंघाला का माझा शेला पाण्यात, आन् शेल्याच्या मागं मी. वर आलो त तो म्हणे, "लटकत्या मालाखाली उभा राह्यला त दोघं मारतात रे. एक मी, एक माल. माझा हात हलका." मी नाकातलं रगत पुसत इचार केला, हा हलका, त मालाचा कसा असन? ते बी पुढं पाह्यलं.

तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव चांदा. अल्लापल्लीकडून सागाचे लठ्ठे बैलगाड्यांनी घाटावर येत. पावसाळा सरला का नदीत पाणी असेपर्यंत पडाव येत, म्हंजे रुंद बुडाच्या मोठाल्या नावा, आन् ते लठ्ठे घेऊन गोदावरीनं खाली जात. आंधी एकेका लठ्ठ्याले तीस तीस माणसं झोंबत. मंग ठेकेदारानं काकिनाड्याच्या बंदरातून एका मोडक्या जहाजावरची विंच आणली. एक बॉयलर, दोन दातेरी चाकं, तारेचा दोर गुंडाळायचा एक ढोल, आन् दोर वरून जायले लाकडाचा लांब हात, त्याले डेरिक म्हणत. समुद्रावर ते जहाजात पोते आन् पेट्या चढवे, आमच्या इथी जंगल चढवू लागलं. घाटावरचे लोक त्याले अस्वल म्हणत. गुरगुरे तसंच, आन् कवळ्यात धरलेलं सोडे बी नाई. बैलासोबत दावं यावं तसा त्या विंचीसोबत टंडेल आला. टंडेल म्हंजे जहाजावर माल चढवणाऱ्या टोळीचा मुकादम. काळा, ठेंगणा, मानेपासून कानापर्यंत एक जुना वळ, अर्धा कान गायब. तेलुगू, बंदरावरची हिंदी आन् आमची बोली, तिन्ही एका गंजात घोटून बोले. मी इथी सरळ करून सांगून राह्यलो.

रोज सकाळी बॉयलर तापायच्या आंधी तो तारेचा अख्खा दोर उघड्या तळहातातून सरकवे. आतली एखादी तार तुटली असली का तिचं टोक हातात घुसे. रगत आलं का गडी खूष. "आज इथून तुटला असता," म्हणे, आन् रगत माझ्या सदऱ्याले पुसे. मले एकच सदरा. घरी बायको म्हणे, तुमी घाटावर काम करता का बकरे कापता? एक दिवस मी म्हणलं, "टंडेलभाऊ, हातावर फडकं घेऊन पाहा ना." त म्हणे, "फडक्याले दुखत नाई रे."

एकदा तो तापानं फणफणला होता. तीन जागी रगत आलं म्हणून दोर बदला म्हणला आन् झोपडीत जाऊन पडला. ठेकेदाराले घाई. पाणी उतरलं का पडाव वाळूत बसतात. म्हणे, आजचा दिवस चालवा. त बॉयलरवाल्यानं कशीबशी चालवली. दुपारी दोर तुटला. तुटलेला दोर तुमी पाह्यला नसन, त पाहूच नका. तो पडत नाई, फिरते. गाडीचा एक बैल उभा होता, त्याचे मागचे दोन्ही पाय गवतासारखे कापून नेले. मी त्या टायमाले जरा पलीकडं एका झुडपाआड बसलो होतो, कशाले ते इचारू नका. झुडपाचा शेंडा माझ्या डोक्यावरून गेला. मी तसाच घाटभर पळालो. बाया तोंड फिरवून हासत होत्या, आन् मले वाटे का जीव वाचला म्हणून खूष होऊन राह्यल्या.

टंडेल लटपटत आला. बैल ओरडून राह्यला होता. त्यानं कुऱ्हाड घेतली आन् एका घावात त्याचं ओरडणं बंद केलं. मंग तसाच, रगतानं माखलेल्या हातानं, ठेकेदाराच्या तोंडावर एक ठेवून दिली. ठेकेदाराच्या गोऱ्या गालावर रगताची पाच बोटं उमटली. त्याले काढणार कोण? अस्वलाले नीट नाचवणारा दुसरा कोणी होता का? ठेकेदार म्हणे, नवा दोर आणा. आन् आला.

पडाववाल्यांशी त त्याचं रोजच जुंपे. जड लठ्ठे कोणत्या बाजूनं ठेवायचे यावरून. एकदा एका नाखव्यानं चाकू काढला. टंडेलनं हाताशी असलेली साखळीची कडी फेकून मारली, त्याचं कपाळ नारळावानी फुटलं. मंग बांबू, वल्हे, दगड, जे हाताले लागन ते. मी बी होतो ना लढाईत. सरपणाच्या ढिगामागं. टंडेलले लोकं मोजायले कोणी पायजे म्हणून लपून मोजत होतो. निखारा उडून माझ्या धोतराले लागला तेव्हा कुठी मी मैदानात आलो, तेही नदीकडं. सगळं थंड झाल्यावर पाहतो त टंडेल त्या नाखव्याचं डोस्कं मांडीवर घेऊन शिडाच्या सुईनं टाके घालून राह्यला होता. नाखवा शिव्या देई, हा बी देई, आन् टाका कसा बारीक पडे! मंग दोघं एका गंजातून भात-मच्छी जेवले. मले बोलावलं नाई. पळाला त्याले भात नाई, म्हणे.

आता माझी तरक्की कशी झाली ते सांगतो. दुपारच्या सुट्टीत मी टंडेलची नक्कल करत होतो. तो कसा थापड मारते, कसा रगत पुसते, ठेकेदार कसा गाल चोळते. बॉयलर सुरू होता, आवाज कोणाले आयकू येत नसे, म्हणून सगळं हातानंच. लोक पोट धरून हासत होते. मंग एकाएकी हासणं बंद झालं. मले वाटलं, नक्कल जमली नाई. मागं टंडेल. माझे डोळे आपोआप मिटले. एक थापड बसली, पण नेहमीपेक्षा हलकी. म्हणे, "तिकडून पाहून राह्यलो होतो. एक शब्द आयकू नाई आला, पण सगळं समजलं. तुझं तोंड बेकार आहे रे. हात बोलते. उद्यापासून तू माझा हात." तेलुगूत हाताले चेय्यी म्हणतात. त्या दिवसापासून तो मले चेय्यी म्हणू लागला.

हात म्हंजे काय, त आयका. विंच चालवणाऱ्याले पडावाचं पोट दिसत नाई. खाली कोण वाकला, कोणाचा पाय कुठी, काई दिसत नाई. आयकू त अजिबात येत नाई. म्हणून एक माणूस उंचावर उभा राहते, त्याले दोन्हीकडं दिसते. त्यानं तळहात वर करून उचलला का "हबेस", म्हंजे वर घे. तळहात खाली दाबला का "आरिया", म्हंजे उतरव. मूठ छातीवर ठेवली का थांब. बस. टंडेल म्हणे, "घाटावर पन्नास लोकं ओरडतात. ठेकेदार ओरडते. देव ओरडला तरी मी मानत नाई. मी एकाच हाताचं मानतो."

मले शिकवताना त्यानं माझा डावा हात पाठीमागं बांधला. उजवा हलला का बोटांवर काठी. मच्छर मारला, काठी. डोकं खाजवलं, काठी. एकदा गोमाशी नाकावर बसली, मी हाकलली, आन् तिकडं लठ्ठा एक हात वर गेला. टंडेलनं विंच बंद केली, खाली आला, आन् माझ्या बोटांवर असा मारला का करंगळी आजही वाकडी आहे. म्हणे, "माशी चावन, बसू दे. सरप आला, येऊ दे. माल लटकलेला असताना हा हात तुझा नाई. ज्याच्यावर माल लटकला, त्याचा आहे." मी मान हलवली. मले तेव्हा फक्त करंगळी समजली होती, बोलणं नाई.

आता माझ्या सासऱ्याचं सांगावं लागते. आमच्याकडं जावयानं सासऱ्याले पह्यले जोहार घालायचा असते. हात छातीपासून कपाळापर्यंत न्यायचा आन् म्हणायचं, "मामा, जोहार." लग्नानंतर पह्यल्यांदा सासरवाडीले गेलो त मोहाची जरा जास्त झाली होती. मी मांडवात शिरलो आन् सासऱ्याले सोडून त्याच्या बाजूच्या खांबाले जोहार घातला. वरून खांबाले म्हणलं, "मामा, तुमी बारीक झाले." सगळा मांडव हासला, सासरा नाई हासला. दोन वर्सं तो माझ्याशी बोलला नाई. बायको रोज म्हणे, माझ्या बापाले नीट जोहार घाला, त घरात शांती होईन. पण तो समोरच येत नसे.

त्या वर्सी पाणी लवकर उतरून राह्यलं होतं. माझा साळा झित्रू पडावाच्या पोटात कामाले होता. लठ्ठा खाली टेकला का त्याच्याखालची साखळी काढायची, हे त्याचं काम. दुपारची वेळ. लठ्ठा टेकला. माझी मूठ छातीवर. झित्रू वाकला, कोपरापर्यंत हात लठ्ठ्याखाली घातला. तेवढ्यात घाटाच्या वरच्या अंगाले पाहतो त सासरा. खांद्यावर कुऱ्हाड, हातात पोरासाठी भाकरीचं गाठोडं. दोन वर्सात पह्यल्यांदा तो सरळ माझ्याकडं पाहून राह्यला होता. आन् मी कुठी? सगळ्या घाटाच्या वर उभा, अस्वल माझ्या बोटावर नाचते. मले वाटलं, पाहू दे म्हाताऱ्याले, जावई कोण आहे. माझी मूठ उघडली. जोहार कपाळावर थांबते ना, माझा नाई थांबला. दोन वर्साचा तुंबलेला जोहार होता तो, आभाळाले लागला. "मामा, जोहार!"

अस्वल गुरगुरलं.

साखळी झित्रूच्या हातावर आवळली. लठ्ठ्याचं एक टोक वर आलं, फिरलं, आन् झित्रूले पडावाच्या फळीवर दाबलं. हाड मोडल्याचा आवाज मले आला नाई, त्याचं तोंड दिसलं. तेव्हा मी मूठ छातीवर ठेवायची होती. एवढंच. तीन महिने काठ्या खाऊन शिकलो होतो. आन् मी काय केलं? दोन्ही हात डोक्यावर घेतले. हाय रे बापा! दोन्ही हात वर, म्हंजे दोनदा हबेस.

टंडेलनं हात नाई, माझं तोंड पाह्यलं. त्यानं वाफ बंद केली. पण वाफ बंद केली तरी ढोल दोन-चार फेरे फिरेच, ब्रेकचा पट्टा घासून गुळगुळीत झाला होता. अजून एक फेरा आन् झित्रूची छाती गेली असती. टंडेलनं बाजूची सागाची पाचर उचलली आन् दोन दातेरी चाकांच्या मधात कोंबली. चाकांनी पाचर घेतली. पाचरीसोबत त्याचा उजवा हात बी घेतला, मनगटापर्यंत. गाडीच्या चाकाखाली ओलं कणीस यावं तसा आवाज झाला. मंग अस्वल थांबलं.

आता दोघं अडकले. झित्रू लठ्ठ्यात, टंडेल चाकात. चाकं उलटी फिरवल्याशिवाय दोघंही सुटत नव्हते, आन् धक्का बसला असता त लठ्ठा सरळ झित्रूवर. बॉयलरात लाकडं टाकणारा पोचन्ना विंचीच्या दांड्याशी गेला, पण त्याची नजर चाकातल्या हातावर. टंडेलचं तोंड राखेवानी झालं होतं. तो म्हणे, "पोचन्ना, माझ्याकडं पाहू नको. चेय्यीच्या हाताकडं पाह्य." मंग माझ्याकडं पाहून ओरडला, "चेय्यी! आरिया! हळू!"

मी तळहात खाली केला. बोटभर दाबला. मूठ. पुन्हा बोटभर. मूठ. दरवेळी चाक मागं फिरे आन् टंडेलच्या घशातून एक आवाज येई, आन् मले तो आयकू येत असून हात हलवायचा नव्हता. तोंडावर माश्या बसल्या, बसू दिल्या. धोतर ओलं झालं, होऊ दिलं. झित्रू निंघाला. त्याच्या मागून टंडेलचा हात निंघाला, पण त्याले आता हात म्हणायची सोय नव्हती.

झित्रूचा हात मोडला, बरगड्या गेल्या, पण जीव राह्यला. त्याले झाडाखाली निजवलं आन् त्याच्या गावचे लोक टंडेलवर धावले. मशीन यानं चालवली, पोराले यानं चेंदलं. टंडेल लठ्ठ्याले टेकून बसला होता, मनगटाले माझा शेला गुंडाळलेला. सासरा म्हणे, "तूच चालवली ना?"

"हो," टंडेल म्हणे. "विंच माझी. चूक माझी."

त्याले लाथा बसल्या. त्याच्या बरगडीत, त्याच्या त्या हातावर. हा माणूस, ज्यानं अख्ख्या घाटाले थापडा मारल्या, त्यानं डावा हात बी उचलला नाई. मी कुठी होतो? सरपणाच्या ढिगामागं, माझ्या नेहमीच्या जागी. मी तिथीच बसलो असतो बरं, खोटं कशाले बोलू. पण सासऱ्यानं कुऱ्हाड खांद्यावरून काढली, आन् टंडेलनं मान पुढं केली. तो असा दमला होता का त्याले ते सोपं वाटलं असन. तेव्हा माझे पाय उठले, मले न इचारता.

"मामा, थांबा. त्यानं नाई. मी. माझ्या जोहारानं झालं."

सासऱ्याले समजेना. जोहारानं हात मोडते कसा? मंग मले करून दाखवावं लागलं, त्याच्या समोर, सगळ्या गावासमोर. मूठ छातीवर. "हे थांब." मूठ उघडली, हात वर नेला. "हे वर घे. मी तुमाले जोहार घातला, मामा. त्यानं वर घेतलं."

सासरा माझ्या हाताकडं पाहत राह्यला. मंग त्यानं कुऱ्हाड उलटी केली आन् दांडा माझ्या तोंडावर मारला. हे समोरचे दोन दात त्याच दिवशी गेले. लोकाले मी सांगतो, विंचीचा दांडा लागला. दांडाच होता, तेवढं खरं आहे. मी खाली पडलो टंडेलच्या बाजूलेच. तो त्या हालातही माझ्याकडं पाहून हासला. "बरं झालं," म्हणे. "तुझं तोंड तसंही बेकार होतं."

सिरोंच्याच्या दवाखान्यात त्याचा हात मनगटातून काढला. धा-बारा दिवसांनी शेवटचे दोन पडाव लागले होते. ठेकेदार म्हणे, एका हाताचा टंडेल काय कामाचा, जा आपल्या मुलुखात. विंच पोचन्नाकडं गेली. मी म्हणलं, "भाऊ, माझ्यामुळं." त म्हणे, "तू माझा हात होता. हात माझा, त चूक माझी. आता दोन्ही हात गेले, हिशेब कशाचा?" असं म्हणून डाव्या हातानं एक थापड मारली. डावा त उजव्यापेक्षा जड निंघाला.

त्याच्या अंगात ताप, पडावाच्या फळीवरून चढता येईना. त म्हणे, मालासारखा चढव. लठ्ठ्याच्या साखळीत फळी बांधली, तो तिच्यावर बसला. मी माझ्या जागी उभा राह्यलो. हबेस. टंडेल हवेत गेला, नदीच्या वर, लुगडं वाळत घालावं तसा हलका. तिथून ओरडला, "चेय्यी, खाली कोणी उभं आहे का?" कोणी नव्हतं. आरिया. त्याले असा उतरवला का त्याच्या बुडाखाली अंडं ठेवलं असतं त फुटलं नसतं.

त्याचा पडाव सुटला. तोवर दुसऱ्या पडावावर लठ्ठा आला होता, हवेत लटकलेला, आन् खाली चार माणसं. माझी मूठ छातीवर, पोचन्नाचे डोळे माझ्या मुठीवर. तेव्हा पाहतो त टंडेल पडावाच्या टोकावर उभा राह्यला, आन् डावा हात छातीपासून उचलून कपाळाले लावला. जोहार. कोणाले कधी जोहार न घातलेला माणूस! सगळा घाट पाहून राह्यला होता. झित्रू पाहत होता, सासरा पाहत होता. सासरा हळूच म्हणे, "घाल ना रे जोहार."

मी मूठ सोडली नाई.

पडाव वळणाआड गेला, लठ्ठा खाली टेकला, चारही माणसं बाजूले झाली, तेव्हा मी हात काढला. नदी रिकामी होती.

आता एवढे वर्सं झाले. कोणी जोहार घातला का माझी मूठ आपोआप छातीवर जाते. लोकाले वाटते, बोळक्या तोंडाच्या ह्या म्हाताऱ्याले लय गर्व. कधी कधी वाटते, तो त्याचा जोहार होता. कधी वाटते, छे, टंडेल तो, जाता जाता परीक्षा घेऊन राह्यला होता. मी हात उचलला असता त पडावातून उडी मारून, पोहत येऊन थापड मारली असती. काई बी असो. एवढं मात्र लांबून दिसलं मले, त्यानं हात खाली केला तेव्हा तो हासून राह्यला होता.